वाचकांचे प्रश्न : वेगाच्या चाचण्या आणि मेंदू

या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आली. दवाखान्यात किंवा समुपदेशकाकडे घड्याळ लावून घेतल्या जाणाऱ्या चाचण्या (खुणांसाठी अंक लिहिणं, आकड्यांची वर्तुळं क्रमाने जोडणं) देताना मेंदूत नक्की काय चालतं आणि गुणांचा अर्थ किती लावायचा, हा त्यांचा गाभा आहे. प्रश्न थोडे आटोपशीर करून घेतले आहेत.

एका पुस्तकात ‘प्रोसेसिंग स्पीड’ (माहिती हाताळण्याचा वेग) हे मेंदूच्या पुढच्या भागाचं, फ्रंटल लोबचं काम म्हणून दिलंय, दुसऱ्यात त्यामागच्या वरच्या भागाचं, पॅरायटल लोबचं. बरोबर कोणतं?
(मानसशास्त्राची विद्यार्थिनी)

दोन्ही लिहा, आणि त्या दोघांना जोडणाऱ्या तंतूंचा उल्लेख त्याहून ठळक करा. वेग हे मेंदूच्या एखाद्या कोपऱ्याचं काम नाही. बऱ्याच भागांनी मिळून एक काम उरकायला जो वेळ लागतो, तो चाचणीत मोजला जातो.

सिम्बॉल डिजिट चाचणीचं, म्हणजे एसडीएमटीचं उदाहरण घ्या. कागदाच्या वरच्या बाजूला किल्ली छापलेली असते: नऊ खुणा आणि प्रत्येकीखाली १ ते ९ पैकी एक अंक. त्याखाली नुसत्या खुणांच्या ओळी. किल्लीत बघून प्रत्येक खुणेचा अंक लिहायचा किंवा तोंडाने सांगायचा, वेळ ९० सेकंद. ५४ गुण मिळाले तर एका खुणेला सरासरी १.६७ सेकंद लागले.

या पावणेदोन सेकंदांत काय काय होतं? खुणेचं चित्र डोक्याच्या मागच्या बाजूच्या ऑक्सिपिटल लोबमध्ये पोहोचतं आणि त्याचा आकार ओळखण्याचं काम मेंदूच्या खालच्या पृष्ठभागावरचा फ्युसिफॉर्म भाग करतो. आता किल्लीत नजर कुठे टाकायची हे ठरवतात पॅरायटल लोबमधली इंट्रापॅरायटल खाच, तिच्या वरचा सुपीरियर पॅरायटल भाग आणि फ्रंटल लोबमधलं नजर हलवणारं क्षेत्र. किल्ली धुंडाळताना ‘आपण कोणती खूण शोधतोय’ हे धरून ठेवायचं काम कपाळामागच्या डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर). अंक सापडला की नजर परत खाली. मग उत्तर बोलायचं असेल तर डाव्या बाजूचा वाचेशी संबंधित खालचा फ्रंटल भाग, लिहायचं असेल तर प्रीमोटर आणि मोटर कॉर्टेक्स. या सगळ्यांत मेंदूच्या आत खोलवर असलेले थॅलॅमस आणि कॉडेट, आणि लहान मेंदू सतत सामील असतात. लहान मेंदूला पूर्वी फक्त तोल आणि हालचालीपुरता धरत. या चाचण्यांत तो हात न हलवतासुद्धा सक्रिय दिसतो.

एक गोष्ट पुस्तकांत सहसा सुटते. नजरेची एक उडी मारायच्या आधी डोळ्यांना साधारण २०० मिलिसेकंद तयारी लागते. किल्लीकडे जायची एक उडी आणि परत यायची एक, म्हणजे एका खुणेमागे ०.४ सेकंद नजर हलवण्याच्या तयारीतच जातात. ज्याला नऊपैकी चार-पाच जोड्या चाचणी चालू असतानाच पाठ होतात, त्याच्या तेवढ्या फेऱ्या वाचतात आणि गुण वाढतात. तेव्हा ही ‘वेगाची’ चाचणी थोडी स्मरणशक्तीचीही आहे, आणि नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस यातून पूर्ण बाहेर नाही.

आता तंतू. लांब अंतरावर संदेश नेणाऱ्या चेतातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. ते नसलेल्या तंतूत संदेश सेकंदाला साधारण अर्धा ते दोन मीटर सरकतो. शरीरातल्या जाड मायलिनवाल्या तंतूंत हाच वेग १०० मीटरच्या आसपास जातो. मेंदूच्या आतले तंतू बारीक असल्याने तिथले वेग त्याहून बरेच कमी, पण आवरण असण्या-नसण्याचा फरक तिथेही मोठाच. आवरण झिजलं की संदेश उशिरा येतोच, शिवाय एकत्र पोहोचायला हवेत ते संदेश पुढेमागे होतात आणि पुढच्या टप्प्याला ताटकळावं लागतं. म्हणूनच फ्रंटल आणि पॅरायटल भागांना जोडणारा सुपीरियर लाँजिट्युडिनल फॅसिक्युलस, दोन अर्धगोलांमधला कॉर्पस कॅलोसम आणि थॅलॅमसकडून मागच्या भागात पसरणारे तंतू यांची अवस्था या चाचण्यांच्या गुणांशी जुळते. डाव्या पॅरायटल भागाखालच्या व्हाइट मॅटरला (तंतूंच्या जुडग्यांना) इजा झालेल्या रुग्णांत कोडिंगसारख्या (अंकासाठी खूण काढण्याच्या) चाचणीचे गुण ठळकपणे खाली येतात, हेही नोंदलं गेलंय.

एमआरआय मशीनमध्ये आडवं पडलेला माणूस ही चाचणी देतो कशी? आणि मेंदूच्या चित्रातले रंगीत ठिपके म्हणजे वेगाची जागा का?

कागद-पेन्सिल आत चालत नाही आणि मोठ्याने बोललं की डोकं हलतं. फंक्शनल एमआरआयमध्ये (काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो हे दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये) दोन-तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे मोजले जातात. डोकं तेवढं हललं तरी मोजणी बिघडते. म्हणून चाचणी बदलून घेतात. पडद्यावर वर किल्ली आणि खाली एकच खूण-अंकाची जोडी दाखवतात. जोडी किल्लीप्रमाणे बरोबर असेल तर एक बटण, चूक असेल तर दुसरं. काही आवृत्त्यांत दर वेळी किल्लीतला क्रम बदलतात, म्हणजे पाठांतराचा फायदा मिळत नाही. अर्धा मिनिट चाचणी, अर्धा मिनिट विसावा, अशी आलटून पालटून मोजणी करतात आणि चाचणीच्या मोजणीतून विसाव्याची वजा करतात.

विसाव्यात काय ठेवलंय यावर निकाल फार अवलंबून असतो. नुसतं क्रॉसच्या चिन्हाकडे बघायला सांगितलं तर वजाबाकीनंतर बोट दाबणारा मोटर कॉर्टेक्ससुद्धा ‘वेगाचा भाग’ म्हणून उजळतो. विसाव्यातही साधं बटण दाबायला लावलं की तो बराचसा वजा होतो आणि फ्रंटो-पॅरायटल जाळं नीट दिसतं. ही वजाबाकीची कल्पना मशीनच्या कितीतरी आधीची आहे. डच शास्त्रज्ञ डॉन्डर्सने १८६८ मध्ये साध्या प्रतिसादाचा वेळ निवड करून दिलेल्या प्रतिसादातून वजा करून ‘निवडीला’ लागणारा वेळ काढला होता. तिची खोटही तेव्हापासून तीच आहे: एक पायरी वाढवली की बाकीच्या पायऱ्या जशाच्या तशा राहतात, हे गृहीत धरावं लागतं.

ठिपक्यांबद्दल सांगायचं तर ते रक्तपुरवठ्यातल्या बदलाचे असतात, आणि तो बदल चेतापेशींच्या कामानंतर पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. एका खुणेचं काम दोन सेकंदांच्या आत आटोपलेलं असतं. त्यामुळे आधी कोण, नंतर कोण हे या चित्रातून सांगता येत नाही; त्यासाठी मेंदूतल्या विजेच्या लहरी मिलिसेकंदांत मोजणारा ईईजी लागतो. शिवाय ठिपका जास्त उजळ म्हणजे मेंदू जास्त चांगला, असंही नाही. सरावलेल्या मेंदूत काही भाग कमी उजळतात. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (तंतूंवरचं मायलिन खराब करणाऱ्या आजाराच्या) सुरुवातीच्या रुग्णांत गुण निरोगी माणसाइतके असूनही फ्रंटल भाग जास्त उजळलेला दिसू शकतो, म्हणजे तेवढ्याच कामाला जास्त मनुष्यबळ. चित्रात जे मावळतं तेही बघावं. मधल्या रेषेवरचा पोस्टीरियर सिंग्युलेट आणि मध्य प्रीफ्रंटल भाग एरवी आपल्याच विचारांत गुंतलेले असतात. चाचणीच्या वेळी ते शांत झाले नाहीत तर कामगिरी घसरते.

माझ्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. वर्षापूर्वी एसडीएमटीमध्ये ५४ गुण होते, आता ४९. नव्या एमआरआयमध्ये नवीन डाग नाही. काळजी करावी का?

दुर्लक्ष करू नका, पण एका आकड्यावर निष्कर्षही काढू नका. या आजारात चार किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक साधारणपणे अर्थपूर्ण धरला जातो, आणि तुमच्या बहिणीचा पाचाचा आहे. वेळेत मांडलं तर एका खुणेमागे १.६७ ऐवजी १.८४ सेकंद, म्हणजे ०.१७ सेकंदांची वाढ. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण दुसऱ्या वेळी सरावामुळे गुण थोडे वाढायला हवेत, निदान तेवढेच राहायला हवेत, हे लक्षात घेतलं तर घट थोडी जास्तच धरावी लागते.

नवीन डाग नसताना गुण का घसरतात? नेहमीच्या एमआरआयमध्ये व्हाइट मॅटरमधले डाग ठळक दिसतात. कॉर्टेक्समधले डाग आणि डागांबाहेरच्या तंतूंची झीज बरीचशी दिसत नाही. या आजारात एसडीएमटीच्या गुणांशी सगळ्यात चांगला जुळणाऱ्या मोजमापांपैकी एक म्हणजे थॅलॅमसचं आकारमान. कितीतरी लांब मार्गांचं तिथे अदलाबदलीचं ठिकाण असल्याने दूरवरच्या इजेचा परिणाम तिथे साचतो. पण हे आकारमान रोजच्या रिपोर्टमध्ये सहसा मोजून दिलेलं नसतं.

डॉक्टरांना भेटण्याआधी काही गोष्टी कागदावर टिपून न्या. चाचणी दोन्ही वेळी तोंडीच होती का? एकदा लेखी, एकदा तोंडी असेल तर तुलना बाद. तोंडी गुण साधारणपणे जास्त येतात. त्या दिवशी ताप, झोपेचा अभाव, आजाराचा झटका नुकताच येऊन गेलेला, स्टेरॉइड चालू, असं काही होतं का? डोळ्याच्या नसेला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर बारीक खुणा धूसर दिसतात आणि दोष विचारांच्या वेगावर जातो. उदासी आणि थकवाही गुण खाली ओढतात. यांतलं काही सापडलं तर चाचणी चांगल्या दिवशी, समांतर आवृत्तीच्या कागदावर पुन्हा घ्यायला सांगा. काहीच सापडलं नाही आणि कामात, हिशेबात, संभाषणात बहीण मागे पडतेय असं तिलाच जाणवत असेल, तर ते स्पष्ट सांगा. उपचाराच्या निर्णयात ही माहिती धरली जाते.

मी नुकतीच चाचण्या घ्यायला सुरुवात केली आहे. सूचना वाचून दाखवते, घड्याळ लावते. तरी माझे आणि वरिष्ठांचे गुण जुळत नाहीत. चुकतं कुठे?

बहुतेक वेळा घड्याळापाशी आणि सुरुवातीच्या दहा खुणांपाशी.

एसडीएमटीच्या पहिल्या १० खुणा सरावाच्या आहेत, त्यांना गुण नाहीत; मोजायच्या ११० पुढे. सरावात माणसाला नियम खरोखर कळला याची खात्री झाल्याशिवाय घड्याळ सुरू करायचं नाही. घाईत सराव उरकला की पहिले दहा-पंधरा सेकंद तो नियम समजून घेण्यात घालवतो आणि तुम्ही ते ‘मंद गती’ म्हणून लिहिता. ओळीने जायचं, एकही खूण सोडायची नाही, चूक खोडत बसायचं नाही, हे आधीच सांगा. सांगितलं नाही तर हुशार माणूस एकाच खुणेची सगळी उत्तरं शोधून भरत सुटतो आणि चाचणीच बदलते. खोडरबर टेबलावर ठेवूच नका. तोंडी चाचणीत उत्तरं तुम्ही लिहिता. तुमचा हात मागे पडला तर माणूस नकळत तुमच्यासाठी थांबतो. उत्तरांचा वेगळा कागद हाताशी ठेवा आणि त्याच्याकडे न बघता लिहायचा सराव करा. लेखी आणि तोंडी दोन्ही घ्यायच्या असतील तर लेखी आधी.

वेक्सलरच्या बुद्धिमापन चाचणीच्या चौथ्या आवृत्तीतलं कोडिंग यासारखं वाटतं, पण उलटं आहे: अंक दिलेला असतो, खूण काढायची असते, वेळ १२० सेकंद. इथे हाताच्या कौशल्याचा वाटा मोठा. संधिवात, कंप, लिहिण्याची सवय नसणं, यांमुळे गुण घसरले तर मेंदूच्या वेगाबद्दल काही बोलू नका. शंका असेल तर त्याच खुणा किल्लीशिवाय नुसत्या उतरवून घ्यायला सांगा. उतरवणंही तितकंच हळू असेल तर अडथळा हाताचा. उतरवणं झटपट आणि कोडिंग संथ असेल तर शोधणं-जोडणं संथ. त्याच संचातल्या सिम्बॉल सर्चमध्ये (दिलेली खूण ओळीत आहे का ते शोधण्यात) चुका गुणांतून वजा होतात, एसडीएमटीत होत नाहीत. ही गल्लत नवख्यांच्या हातून हमखास होते.

ट्रेल मेकिंगमध्ये, म्हणजे वर्तुळं क्रमाने जोडण्याच्या चाचणीत, चूक दिसताच थांबवायचं, शेवटच्या बरोबर वर्तुळापासून पुन्हा सुरू करायला लावायचं, आणि या सगळ्यात घड्याळ चालूच ठेवायचं. म्हणजे तुम्ही चूक दाखवायला चार सेकंद घेतलेत तर ते चार सेकंद रुग्णाच्या खात्यात जातात. तुमच्या आणि वरिष्ठांच्या गुणांतल्या फरकाचं हे फार मोठं कारण असू शकतं. अ भागात १ ते २५ जोडायचे, ब भागात अंक आणि अक्षर आलटून पालटून. ब मधून अ वजा केल्यावर नजर आणि हात यांचा वाटा बराचसा निघून जातो आणि पालट करण्याचा वेळ उरतो. पण ब भागात अडखळला म्हणून ‘फ्रंटल दोष’ असा शेरा मारू नका. फ्रंटल भाग शाबूत असलेली, पण व्हाइट मॅटर किंवा पॅरायटल भाग बिघडलेली माणसंही तिथेच अडखळतात. ज्याला ती अक्षरमाला न अडखळता म्हणता येत नाही त्याला ब भाग देऊच नये. त्यासाठी अक्षरांऐवजी रंगांची वर्तुळं असलेली आवृत्ती आहे.

खोलीतला उजेड, जवळचा चष्मा आणि घेतलेल्या औषधांची नोंद चाचणीआधी करा. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांपैकी बेन्झोडायझेपिन गटातल्या, जुन्या पद्धतीची ॲलर्जीची औषधं, फिट्स आणि मायग्रेनसाठीचं टोपिरामेट, हे सगळे वेग कमी करतात.

डावखुऱ्या माणसाला या चाचण्यांत तोटा होतो का?

कोडिंगमध्ये होऊ शकतो, आणि त्याचा मेंदूशी संबंध नाही. लिहिताना डावा हात किल्लीवर येतो, दर वेळी तो उचलून बघावं लागतं. उपाय सोपा: दुसऱ्या पुस्तिकेतली किल्ली उजव्या बाजूला ओळीत मांडून द्यायची. तोंडी एसडीएमटीत हा प्रश्नच येत नाही.

वडील ७१ वर्षांचे. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘फझेकास २’ आणि चाचणीत वेग कमी लिहिलंय. आठवण ठीक आहे. ही विसराळूपणाची सुरुवात समजायची का?

फझेकास ही व्हाइट मॅटरमधल्या पांढऱ्या डागांची ० ते ३ अशी श्रेणी आहे. १ म्हणजे तुरळक ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळायला लागलेले, ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. सत्तरीत १ अगदी सर्रास आढळतं. २ मात्र ‘वयोमान’ म्हणून सोडून देऊ नये. हे डाग बहुतेकदा मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचे असतात आणि त्यांचा पहिला फटका वेगालाच बसतो, कारण लांब तंतू याच पट्ट्यातून जातात. आठवण ठीक आणि वेग कमी हे चित्र त्याच्याशी जुळतं. अल्झायमरमध्ये सहसा नवी आठवण साठवणं आधी बिघडतं. मात्र दोन्ही आजार एकत्र असू शकतात, तेव्हा हा फरक निदानाच्या जागी वापरू नका.

रिपोर्टमध्ये लिहिलेला वेग वयाच्या तुलनेत कमी आहे की नुसता आकडा कमी आहे, हे आधी विचारा. खूण-अंकाच्या चाचण्यांत माणूस विशीच्या आसपासच शिखर गाठतो आणि तिथून उतार सुरू होतो. शब्दसंग्रह मात्र पुढे कितीतरी वर्षं वाढत राहतो. वेक्सलरच्या उपचाचण्यांत प्रत्येक वयोगटाची सरासरी १० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात ते) ३ धरलेलं असतं. म्हणजे वयानुसार काढलेला गुण ८ असेल तर वडील त्यांच्या वयोगटात सर्वसाधारणच आहेत. ४ किंवा ५ असेल तर पुढची तपासणी हवी: रक्तदाब, साखर, थायरॉइड, बी-१२, झोपेत श्वास अडखळतो का, आणि उदासी. यांतल्या बऱ्याच गोष्टी सुधारता येतात. रक्तदाबाचा मुद्दा विशेष. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या स्प्रिंट माइंड या मोठ्या अभ्यासात वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं ध्येय असलेल्या गटात या पांढऱ्या डागांची वाढ कमी झाली. तुमच्या वडिलांसाठी किती खाली न्यायचा हे डॉक्टरच ठरवतील. उभं राहिल्यावर चक्कर येणाऱ्या माणसाला १२० धोक्याचं ठरू शकतं.

मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांनी वेग वाढतो का?

जो खेळ खेळाल त्या खेळातला वाढतो. ६५ वर्षांवरच्या सुमारे २,८०० लोकांवर झालेल्या ॲक्टिव्ह या अभ्यासात एका गटाला पडद्यावर झटपट बघून ओळखण्याचा सराव दिला होता: १० बैठका, प्रत्येकी तास-सव्वा तासाची. सराव संपताच त्यांतल्या ८७ टक्के लोकांचा त्या प्रकारच्या कामातला वेग सुधारला, जो फारच चांगला निकाल आहे. पण शब्द आठवणं किंवा तर्क करणं यांत त्याचा फायदा दिसला नाही. खेळ आवडत असेल तर खुशाल खेळा. जाहिरातीत ‘संपूर्ण मेंदू तल्लख’ असं लिहिलं असेल तर पैसे देऊ नका.

आणि दवाखान्यात होणार आहे तीच चाचणी शोधून घरी घोटून जाऊ नका. खुणांच्या जोड्या पाठ झाल्या की नजरेच्या फेऱ्या वाचतात, गुण सहज वाढतात आणि खरी घसरण झाकली जाते.